अक्षयपात्राची अट

ज्या वस्तूची किंमत द्यावी लागत नाही तिच्याविषयी मनुष्याचे काही कर्तव्य उरते किंवा नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून क्वचितच विचारलेला आढळतो. चोरी, कर्ज, दान, वचन यांची चर्चा तेथे भरपूर असते. कारण या प्रत्येक व्यवहारात देणारा एक व घेणारा एक अशी दोन माणसे समोरासमोर उभी असतात. ऊन आणि वारा यांचा देणारा मात्र दिसत नाही, तो हिशेब मागत नाही, आणि दिलेले परत घेण्याची धमकीही देत नाही. अशा देण्याबद्दल आपण फार झाले तर सकाळी अर्घ्य देतो, किंवा तेही देत नाही. इतकी वर्षे महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवूनही मला स्वतःला या प्रश्नात काही अवघड आहे असे कधी वाटले नव्हते. अलीकडे माझ्या गावच्या एका विहिरीच्या काठावर तो माझ्यापुढे अशा रीतीने येऊन उभा राहिला की, त्याला बगल देऊन पुढे जाणे मला साधले नाही.

वनपर्वातील अक्षयपात्राची कथा वाचकांस ठाऊक आहेच. वनवासास निघालेल्या युधिष्ठिरापुढे पहिली अडचण उभी राहिली ती मागून आलेल्या ब्राह्मणांना जेवू कसे घालावयाचे ही. धौम्य ऋषींच्या सांगण्यावरून त्याने सूर्याची आराधना केली आणि सूर्याने त्याला एक तांब्याचे पात्र दिले. आपण ही कथा सांगताना पात्रातील अन्न संपत नसे एवढेच सांगतो व पुढे जातो. वस्तुतः कथेत एक अट आहे, आणि माझ्या मते सगळी कथा त्या अटीतच आहे. द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच त्या पात्रातून अन्न मिळे. ती जेवली की त्या दिवसापुरते पात्र रिते. म्हणून आधी अतिथी जेवीत, मग धाकटे बंधू, मग उरलेले युधिष्ठिर घेई, आणि सर्वांच्या मागून द्रौपदी. सूर्याने दिलेले अन्न अपार होते. ते अपार राहण्याची जबाबदारी मात्र, पात्र जिच्या हाती होते तिच्या भुकेवर सोपविलेली होती. तिने पहिला घास घेतला असता तर बाकीचे सगळे उपाशी राहिले असते.

माझे गाव बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा. त्वरिता देवीच्या देवळामुळे ते पंचक्रोशीबाहेरही पुष्कळांना माहीत आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, वरच्या अंगास पैठणला जायकवाडीचे विस्तीर्ण धरण आहे. तथापि नदी जवळ असणे आणि पाणी जवळ असणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे आमच्याकडचे लहान मूलही जाणते. जमीन काळी, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली दख्खनचा काळा पाषाण. या पाषाणात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याच्या भेगांत. गाळाच्या प्रदेशात असतो तसा खोल साठा येथे नाही. भेगा एका बांधापाशी थांबत नाहीत, सातबारा त्यांना ठाऊक नसतो. त्यामुळे एका विहिरीने ओढ घेतली की शेजारची खाली जाते.

गावी आमची वडिलोपार्जित सहा-सात एकर जमीन आहे. ती माझे थोरले चुलत बंधू कसतात; आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. विहीर आजोबांच्या वेळची, तळाशी दादांनी दोन आडवे बोअर घेतलेले. केंद्र सरकारने २०१९ साली ‘कुसुम’ नावाची योजना काढली आणि तिच्यातून महाराष्ट्रात शेतकऱ्याला सौर पंप मिळू लागले. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने विसावा. बाकीचा भार सरकारचा. दादांना या भानगडीत पडावयाचे नव्हते. मी त्यांना पडावयास लावले. अर्ज मी भरला, हिस्सा मी भरला, आणि २०२२ साली तीन अश्वशक्तीचा पंप बसला, त्या दिवशी रजा काढून मी मुद्दाम गावी गेलो. निळ्या-काळ्या काचेच्या चौकटी दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहिल्या, दादांनी नारळ फोडला, कळ दाबली, आणि धूर नाही, आवाज नाही, तारेचा आकडा नाही, अशा स्थितीत पाटात पाणी आले. मी त्या वेळी जे काही बोललो ते आता आठवले की थोडा संकोच होतो. ‘दादा, हे आपले अक्षयपात्र,’ असे मी म्हणालो होतो.

या यंत्राने काय दिले हे मी प्रथम प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारण शहरात बसून खेड्यातील सोयींवर नैतिक शंका घेणारा मनुष्य मला स्वतःला फारसा आवडत नाही. शेतीची वीज आमच्याकडे पाळीने येई. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की थंडीत दोन वाजता उठून, बॅटरी घेऊन, गव्हाला दारे धरावयास जावयाचे. वाफा भरला की मोडावयाचा, दुसरा बांधावयाचा, आणि पाय कुठे पडतो ते पाहावयाचे. साप चावून, ओल्या हाताने स्टार्टर धरून माणसे गेल्याच्या हकिकती प्रत्येक गावात आहेत. दादांचे धाकटे चिरंजीव वयाच्या सोळाव्या वर्षापासून हे करीत आले. पंप बसल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात वहिनी मला म्हणाल्या, ‘भावजी, लग्न होऊन आले तेव्हापासून यंदा पहिल्यांदा घरातले सगळे पुरुष रात्री घरात झोपले.’ या एका वाक्यापुढे माझी पुढची सर्व तात्त्विक चर्चा तोकडी आहे, याची मला जाणीव आहे.

पुढच्या साली, २०२३ मध्ये, पावसाने मराठवाड्याला दगा दिला. २०२४ च्या फेब्रुवारीत मी गावी गेलो तेव्हा आमच्या विहिरीत पाणी होते, आणि बांधापलीकडच्या विहिरीत नव्हते. ती विहीर एका वृद्ध बाईंची आहे. दीड एकर जमीन, मुलगा व सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, घरी दोन नातवंडे आणि एक म्हैस. त्यांची विहीर जुनी व उथळ. इतर वाईट वर्षांत ती चैत्रापर्यंत तग धरी, या वर्षी पौषातच तळ दिसला. मी बांधावर उभा राहून चौकशी केली. बाईंच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्या म्हणाल्या, ‘लाईट जायची तवा माझ्या हिरीला जरा दम घावायचा, भाऊ. आता सूर्य कुठं जातोय?’

त्या एवढेच बोलल्या आणि म्हशीकडे वळल्या. मी परत आलो आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तीन अश्वशक्ती म्हणजे सुमारे २,२३८ वॅट. त्यांतील निम्मी शक्ती यंत्रात व नळात वाया गेली असे धरले तरी तीस मीटर खोलीवरून असा पंप तासाला तेरा हजार लिटरांवर पाणी वर काढू शकतो. कडक उन्हाचे सहा तास धरले तर दिवसाचे झाले ब्याऐंशी हजार लिटर. ग्रामीण भागातील पिण्याच्या व घरगुती पाण्यासाठी जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरांचे प्रमाण धरले आहे. त्या मापाने, आमचा लहानातला लहान पंप एका दिवसात जवळजवळ दीड हजार माणसांचे पाणी जमिनीतून काढू शकत होता. विहिरीत तितके झरे नव्हते म्हणून तो काढीत नव्हता, एवढेच. जेवढे झिरपे तेवढे तो रोज काढी. त्या पाण्यावर दादांनी एक एकर ऊस लावला होता. ज्या जिल्ह्यातील लोक दुसऱ्यांचा ऊस तोडण्यासाठी अर्धे वर्ष घराबाहेर राहतात, त्या जिल्ह्यातील मनुष्याला स्वतःच्या शेतात ऊस उभा असावा असे वाटले, तर त्याला हावरा म्हणणे मला तरी शक्य नाही.

येथे मला डेव्हिड ह्यूमची आठवण झाली. १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या नीतितत्त्वांवरील आपल्या ग्रंथात ह्यूमने असा विचार मांडला आहे की, न्याय ही गोष्ट टंचाईची अपत्य आहे. निसर्गाने सर्व वस्तू सर्वांना हव्या तितक्या पुरविल्या असत्या तर ‘हे माझे, ते तुझे’ असे म्हणण्याचे कुणास कारण पडले नसते, आणि न्यायाचे नावही कुणी घेतले नसते. जी वस्तू अपार, तिच्यापुरता न्याय निरर्थक. या ठिकाणी त्याने हवा आणि पाणी यांची उदाहरणे दिली आहेत! ह्यूम स्कॉटलंडसारख्या पावसाळी देशाचा. गेवराई तालुक्यात त्याने एक उन्हाळा काढला असता तर दुसरे उदाहरण खात्रीने गाळले असते. पण विनोद बाजूला ठेवला तर त्याचा सिद्धान्त आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. ऊन हे ह्यूमच्या अर्थाने न्यायाच्या कक्षेबाहेर आहे. मी ते कितीही घेतले तरी शेजाऱ्याचे उणे होत नाही. भूगर्भातील पाणी मात्र पूर्णपणे न्यायाच्या कक्षेत आहे. मी घेतलेला प्रत्येक थेंब कुणाच्या तरी वाट्याचा असू शकतो. सौर पंप हे यंत्र या दोन वस्तूंना एका दांड्याने जोडते. एका टोकाला जे अमर्याद आहे ते दुसऱ्या टोकाला मर्यादित असलेल्याला ओढून काढते, आणि आपले मन नकळत पहिल्याचा निष्पापपणा दुसऱ्याला चिकटवते. ऊन माझे म्हणून पाणीही माझे. ऊन फुकट म्हणून पाणीही फुकट. उन्हाने कुणाचे नुकसान होत नाही म्हणून माझ्या पाटानेही कुणाचे होत नसावे. अशी अनुमाने कुणी तोंडाने करीत नाही, परंतु कळ दाबणारा हात ती करीत असतो. पंप बसला त्या दिवशी मी स्वतः तेच केले होते.

वाऱ्याचेही असेच आहे. वारा कुणाचा नाही. पण पवनचक्कीचा खांब ज्या जमिनीत रोवला जातो ती कुणाची तरी असते, तिच्याकडे जाणारी वाट कुणाच्या तरी शेतातून जाते, आणि जेथे पैसा येतो तेथे हप्ता मागणाराही येतो. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यातील मस्साजोग येथील सरपंचांची निर्घृण हत्या झाली. पवनचक्की उभारणाऱ्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तिचा संबंध असल्याचा आरोप असून प्रकरण न्यायालयात गेले; त्याविषयी अधिक लिहिणे उचित नव्हे. शक्ती स्वच्छ असली म्हणजे तिच्याभोवतीचा व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही, एवढ्यासाठीच त्याचा उल्लेख केला.

उन्हावर पंप चालविण्याची कल्पना नवी आहे असे आपण समजतो, तेही खरे नव्हे. मुंबईच्या उच्च न्यायालयात नोकरीस असलेल्या विल्यम अॅडम्स नामक इंग्रज गृहस्थाने १८७८ साली ‘सोलर हीट’ नावाचे पुस्तक मुंबईतच छापून प्रसिद्ध केले. सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून त्याने सगळे ऊन एका बाष्पपात्रावर पाडले, आणि कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे यंत्र लावून पंप चालवून दाखविला. उष्ण देशांत सरपण महाग व ऊन स्वस्त, तेव्हा निसर्गानेच ही तोड सुचविली आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता. पुढे कोळसा आणि तेल यांच्या राज्यात त्याला सगळे विसरले. सिलिकनची उपयोगी सौरघटिका अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने दाखविली ती १९५४ साली. आणि अॅडम्सच्या अर्धवर्तुळाशी नाते सांगणाऱ्या परावर्तक तबकड्या २००९ साली शिर्डीच्या साईसंस्थानाच्या प्रसादालयावर बसल्या, हजारो भक्तांचे अन्न वाफेवर शिजविण्यासाठी. सूर्याच्या पात्रातून अतिथींना जेवू घालण्याची कथा इतकी अक्षरशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

अॅडम्सच्या आधीच्या साधनांकडे पाहू लागलो म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. बीड शहराजवळची खजाना विहीर पुष्कळांनी पाहिली असेल. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती बांधविली. तिचे पाणी भुयारी नहरीतून केवळ उताराच्या बळावर खालच्या शेतांकडे जाते. बैल नाही, इंजिन नाही, काही नाही. पण उतार जेवढे पाणी नेईल तेवढेच जाणार, त्याहून अधिक नेण्याची मालकाची इच्छा असली तरी उपाय नाही. मोटेचीही तीच गोष्ट. माझ्या आजोबांची मोट मी पाहिलेली नाही, परंतु वडील सांगत की बैल दमले की मोट थांबे, आणि बैल दमेपर्यंत झरे विहीर थोडीफार भरून काढीत. पुढे तेलाचे इंजिन आले. त्याला डिझेलची किंमत होती. मग वीज आली. विजेच्या बिलाचा लगाम शेतीला फारसा कधी नव्हताच, आणि २०२४ पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात वीज मोफत झाली. तिचा लगाम निराळा होता. कागदावर आठ तास असलेली वीज प्रत्यक्षात तुटत तुटत येई, डीपी जळे, ती दुरुस्त होईपर्यंत आठवडा जाई. सारांश, प्रत्येक साधनाच्या अंगात एक दुबळेपणा होता आणि त्या दुबळेपणाच्या आश्रयाने शेजारची उथळ विहीर जगत होती. सौर पंप हे आमच्या विहिरीवर आलेले पहिले साधन असे की जे दमत नाही, खात नाही, मागत नाही आणि सहसा बिघडत नाही. ढगाळ दिवस आणि रात्र एवढीच त्याची विश्रांती. आणि ज्या वर्षी पाण्याची खरी टंचाई असते त्या वर्षी आकाशात ढगही नसतात.

मग काय, डीपी जळत होती तेच बरे होते? असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत आणि त्यांच्याशी माझे भांडण आहे. स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ साली कोळशाच्या प्रश्नावर लिहिताना दाखवून दिले होते की, यंत्र सुधारून कोळसा कमी लागू लागला म्हणजे कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो. हे खरे आहे. परंतु त्यावरून वाईट यंत्रे हीच नीतीची रक्षक ठरत नाहीत. अभावाने लादलेला संयम हा संयम नव्हे. तुरुंगातील मनुष्य चोरी करीत नाही म्हणून त्याला आपण सज्जन म्हणत नाही. शिवाय तो संयम लादला गेला होता कुणावर? त्याची किंमत दारे धरणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या झोपेने भरली. दुसऱ्याच्या जागरणावर भूजलाचे रक्षण करून घेणे आणि वर त्याला काटकसर म्हणणे, यापेक्षा अधिक अनीतिमान गोष्ट मला चटकन सुचत नाही. आजवर साधनाची मर्यादा हीच आपली मर्यादा होती. आता साधनाने ती काढून घेतली असून ती कोठे ठेवावयाची हे आपल्याला ठरवावयाचे आहे. एका अर्थी ही बढतीच आहे. पण बढतीबरोबर काम वाढते.

हे सर्व मी त्या फेब्रुवारीत दादांना आमच्या साध्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला. पंप दिवसातून तीनच तास चालवा, पुढच्या साली उसाऐवजी हरभरा घ्या, असे सुचविले. दादा शांतपणे ऐकत होते. नंतर म्हणाले, ‘तू म्हणतोस ते खोटं नाही. पण मी तीन तास चालवला तर वरच्या अंगाचे सात जण सहा तास चालवतील. माझ्या विहिरीतलं राहिलेलं पाणी म्हातारीच्या विहिरीत जाईल हे तुला कुणी सांगितलं? ते त्यांच्याकडं जाईल. मग मी कोण झालो, साधू का मूर्ख?’ आणि थोडे थांबून, ‘तुझ्या पुण्याच्या घरात चोवीस तास नळाला पाणी आहे ना? ते कुठल्या विहिरीचं?’

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि नाही. पहिला प्रश्न मात्र नीतिशास्त्रातील जुन्या व मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे. इतर कुणी पाळीत नसताना नियम पाळणारा मनुष्य दुसऱ्यांचा बळी होतो, असे हॉब्जने म्हटले आहे. दादांनी हॉब्ज वाचलेला नाही, पण युक्तिवाद तोच. व्यक्तीच्या सद्गुणावर भूजल वाचविता येत नाही, कारण सद्गुणी मनुष्याचे वाचलेले पाणी सद्गुणी माणसाकडेच राहील अशी पाषाणातील भेगांची रचना नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांना परत न देता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. हे वचन मी वर्गात अनेकदा समजावून दिले. पण विहिरीच्या बाबतीत परत देणे म्हणजे काय, आणि ते एकट्याने कसे द्यावयाचे, असे कुण्या विद्यार्थ्याने विचारले असते तर मी गोंधळलो असतो. सूर्याला परत देण्याजोगे आपल्याजवळ काही नाही. देणे असेल तर ते बांधापलीकडे आहे.

महाराष्ट्रात हे देणे चुकते करण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि ते उपदेशाने नव्हे, हिशेबाने. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम आरंभिले. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरातील माणसांवर, माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, तेही कुटुंबाला अडीच एकरांच्या मर्यादेत, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, ऊस वर्ज्य. ज्याला जमीनच नाही त्याला पाणी कशासाठी, असे विचारणाऱ्यांना या नियमातील धिटाई कळलेली नाही. पाणी जमिनीच्या मालकीतून मोकळे करून माणसाच्या असण्याशी जोडणारे हे तत्त्व ह्यूमला वाचावयास मिळाले असते तर त्याने त्यावर एक प्रकरण लिहिले असते. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी बोअर घेणे बंद केले आणि दरवर्षी पाऊस मोजून, गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून, त्यावरून पिके ठरविण्याची रीत पाडली. कायदाही आहे: राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी साठ मीटरांपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई केली आहे. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. आमच्या गावच्या पारावर हा आकडा मी सांगितला तेव्हा लोक हसले. ते हसणे कायद्याला होते की मला, हे कळले नाही.

माझा आक्षेप एवढाच की, ही दोन कामे आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली आहेत. २०२४ साली राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ देण्याची योजना काढली. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात अश्वशक्ती असे तिचे माप आहे. माप जमिनीचे आहे. मोठ्या जमिनीला मोठा पंप, हे यंत्राच्या दृष्टीने योग्यच; परंतु खालच्या पाषाणात पाणी किती आणि ते किती जणांचे, या मापाला त्या अर्जात निर्णायक स्थान नाही. मी स्वतः अर्ज भरताना तो प्रश्न मला कुणी विचारला नाही याचे आश्चर्य वाटले नव्हते, हीच गोष्ट मला अधिक लागते. पंप देताना गावाने पाण्याचा ताळेबंद मांडावा, आणि ताळेबंद मांडणाऱ्या गावाला पंप आधी मिळावेत, हे फार अवघड नाही. राहिलेले ऊन वाया का घालवावे, असे कुणी विचारील. पंप थांबला असता त्याच पॅनेलवर पिठाची गिरणी किंवा कडबाकुट्टी चालवावी. उन्हाची उधळपट्टी करण्यास माझी मुळीच हरकत नाही.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर असा पाऊस कोसळला की गोदाकाठची शेते पाण्याखाली गेली, कापूस सडला, माती वाहून गेली. आमच्या दोन्ही विहिरी काठोकाठ भरल्या. दिवाळीत मी गेलो तेव्हा म्हातारीच्या विहिरीतून ओणवे होऊन हाताने पाणी घेता येत होते. दादांचे पीक गेले होते, आणि त्या दुःखात पंपाच्या तासांविषयी बोलणे निर्दयपणाचे झाले असते. इतरांजवळ विषय काढला तर ते म्हणाले, आता कशाला, आता देवाने भरपूर दिले आहे. ह्यूमचा सिद्धान्त असा माझ्या विरुद्ध उलटला. मुबलकता आली आणि न्यायाचे नाव निघेनासे झाले. टंचाईत लोक करार करीत नाहीत कारण देण्यास काही नसते, आणि सुकाळात करीत नाहीत कारण गरज नसते. मग तो करावयाचा केव्हा?

परत निघण्याच्या आदल्या दिवशी मी सुताच्या दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारून तिला दगड बांधला व ती दादांच्या हवाली केली. दर रविवारी दोन्ही विहिरींत सोडून पाणी कितव्या गाठीवर आहे ते भिंतीवर लिहावयाचे. दादांनी दोरी घेतली, पण म्हणाले, ‘आपल्या विहिरीत मी सोडीन. म्हातारीच्या विहिरीत दोरी सोडायला मी कसा जाऊ? तिला वाटेल, आता हिच्यावरही नजर.’ शेवटी असे ठरले की तिची तिने मोजावी, आणि दोघांचे आकडे आमच्या विहिरीच्या खोलीच्या भिंतीवर शेजारी शेजारी लिहावे. नातवाला आकडे येतात. माघापर्यंत त्याने लिहिलेली ओळ नियमित होती. दादांच्या ओळीत दोन रविवार रिकामे आहेत. ते विसरले की पंप चालू होता म्हणून मोजता आले नाही, हे मी फोनवर विचारले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाईन तेव्हा विचारीन.